फाट्यावरचा गोल

६ जानेवारी, सोमवार

अन् वर तोंड करून म्हणतो कसा, "मावशी, हात तर तुमीच दाखवला." तुमीच दाखवला! इथं नवऱ्याच्या मांडीत लोखंडी गज घातलाय, ते बाजेवर पडून पत्र्याकडं बघत बसल्यात, अन् हा शाळेच्या गाडीवरचा योगीराज चार केळी अन् एक नारळ घेऊन येतो अन् मलाच शिकवून जातो. केळी बी कच्ची.

झालं काय ते लिहूनच ठेवते, म्हणजे उद्या कुणी फिरवायला नको. आमची खव्याची भट्टी हाय. खवा रोज सकाळच्या पुण्याच्या गाडीत चढवावा लागतो. खवा काय माणसासारखा दम धरत न्हाय, ऊन चढलं की वास मारतो. गाडी वाशीच्या, म्हणजे आमच्या इकडच्या वाशीच्या, रस्त्याला थांबती. मधी फाटा लागतो, तिथं चार रस्ते मिळत्यात, अन् मधोमध नवा गोल बांधलाय. सिमेंटचा कट्टा, आत माती, मातीत गवत. त्या गोलाला डाव्या अंगानं वळसा घालून जायचं आसतं. हे समद्यांना ठाऊक हाय अन् करत कुणीच न्हाय. ज्याला उजवीकडं जायचंय तो सरळ उलटा घुसतो, तेवढाच वळसा वाचतो. वाचवून काय करत्यात कुणास ठाऊक. पुढं जाऊन पानाच्या टपरीवर उभेच ऱ्हात्यात.

त्या दिवशी मालक मोटारसायकल चालवत व्हते, मी मागं. डाव्या कुशीत खव्याचा डबा. गोलावर एक जीपवाला उलटा आला, पार आमच्या अंगावर. म्या उजवा हात लांब काढला अन् म्हणलं, "आरं ए आंधळ्या, बापाचं वावर हाय का तुझ्या?" जीपवाल्याला बरोबर कळलं, मुंडी खाली घालून गेला. तेवढ्यात मालक डावीकडं वळले, वाशीच्या रस्त्याला, अन् मागनं शाळेची गाडी घेऊन हा योगीराज डाव्या अंगानं घुसला. धाडदिशी.

आता मालकांच्या गाडीचा वळताना लावायचा दिवा बंद हाय हे अख्ख्या गावाला म्हाइती हाय. गाडी घेतल्यापासनं मागं बसून हात मीच दाखवते. उजवीकडं जायचं तर उजवा, डावीकडं तर डावा. कंदी चूक झाली न्हाय. त्या दिवशी डाव्या हातात डबा व्हता म्हणून डावा दाखवला न्हाय, इतकंच. अन् उजवा काढला तो जीपवाल्याला. ज्याला काढला त्याला कळला. ज्याला काढलाच न्हाय त्यानं कशाला बघायचा?

शाळेच्या अध्यक्षांनी सांगितलंय, तक्रार झाली तर योगीराजला गाडीवरनं काढणार. काढावंच. लेकरांच्या गाडीवर असला माणूस? हवालदार कागद घेऊन आला तर मालक म्हणत्यात, "पाय जरा बरा होऊ द्या, मग बघू." सही हातानं करायची आसती, पायानं न्हाय.

ही डायरी खताच्या दुकानातनं फुकट आली. चौथीपर्यंत शिकले मी, पण बचत गटाच्या बैठकीत काय ठरलं ते मीच लिहिते, म्हणून हात वळतो. घरात बोलावं कुणाशी? मालक बोलत न्हाईत. सून समदं ऐकून घेती अन् आपलंच करती.


८ जानेवारी, बुधवार

शेजारच्या शांताक्काचा दीर दोन-चार दिवस खवा नेऊन देत व्हता. आज म्हणला, "कडूवहिनी, उद्यापासनं जमायचं न्हाय, ऊस तोडणीला आलाय." बरं झालं. तसाही तो डबा आडवा धरायचा.

श्रीनाथला फोन केला. लेक चाकणला कंपनीत हाय. म्हणला, "आई, टेम्पो लाव." म्या म्हणलं, दारात तुझ्या बायकोची स्कुटी उभी हाय, तिला सातवा लागल्यापासनं डाक्टरनं बंद केली. मीच शिकते. तर हसला. "तू? आगं आई, तुला सायकल येत न्हाय." मी फोन ठेवला. मला काय येतं ते बापाला इचार म्हणावं.

उद्यापासनं शिकणार. तोवर खवा रिक्षानं.


११ जानेवारी, शनिवार

सून शिकवती. राजनंदिनी तिचं नाव. नाव मोठं, आवाज बारीक. खळ्यात खुर्ची टाकून लिंबाखाली बसती, हातात काठी, पोट पुढं. शाळामास्तरीण कुठली.

"आत्या, वळायच्या आधी दिवा."

"कुणाला दाखवू? म्हशीला?"

"म्हशीला दाखवा. सवय व्हायला पाहिजे."

ही स्वतः स्कुटी चालवायची तवा मी बघितलंय. मोकळ्या पांदीच्या वाटंला, पुढं कुणी न्हाय, मागं कुणी न्हाय, तरी हिचा दिवा टुकटुक. कुत्र्याला बी सांगून वळायची. मी हसायचे. आजबी हसले, अन् हसता हसता कडब्यात गेले.

मग तिनं खळ्याच्या मधोमध घमेलं पालथं घातलं. म्हणली, हा गोल समजा. म्या इचारलं, कुठल्या अंगानं जायचं त्याला? मला डावं-उजवं स्कुटीवर बसलं की सुचत न्हाय. तर म्हणली, "आत्या, देवाला प्रदक्षिणा घालता का न्हाय? देव कुठल्या हाताला ऱ्हातो?"

"उजव्या."

"मग झालं. घमेलं उजव्या हाताला ठेवा."

एका फेरीत आलं. परत चुकलं न्हाय. इतकं सोपं हाय तर त्या फाट्यावर कुणी असं पाटीवर लिहून का लावत न्हाय? बाण काढत्यात. बाण कोण वाचतं?

मालक बाजेवरनं खिडकीतून बघत व्हते. म्हणले, "कडू, चांगली चालवती की." बाकी तोंडातनं शब्द निघत न्हाय.


१६ जानेवारी, गुरुवार

मोबाइलवर सुनेनं शिकाऊ लायसन काढून दिलं अन् स्कुटीच्या मागं लाल अक्षर चिकटवलं, म्हणजे लोक समजून घेत्यात म्हणली. लोक! लाल कापड बघून बैल जसा येतो तसे येत्यात.

आज पहिल्यांदा डबा बांधून फाट्यावर गेले. गोलाच्या तोंडाशी उभी ऱ्हायले अन् उभीच ऱ्हायले. काय बघितलं ते लिहिते.

बुलेटवाले दोघं, उलटे घुसले, दिवा न्हाय, हात न्हाय, फक्त आवाज. त्यांना वाटतं आवाज म्हणजेच खूण. उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागचा दिवा चिखलात गाडलेला, अन् उसावर बसलेला माणूस पाय हलवत व्हता. पाय डावीकडं हलला म्हणजे डावीकडं जायचं का मुंगी चावली, हे मी कुठनं समजू? एक पांढरी गाडी आली, काचा काळ्या, डावा दिवा लावून उजवीकडं गेली अन् तसाच टुकटुक करत तेरखेड्याच्या रस्त्यानं दिसंनाशी झाली. तो दिवा घरापर्यंत तसाच चालू असणार. बायकोनं बंद केला आसंल. एक ट्रकवाला उजवा दिवा लावून सरळ चालला. मागच्या मोटारसायकलवाल्याला वाटलं, पुढं जा म्हणतोय, तो पुढं गेला. मग ट्रक खरंच उजवीकडं वळला. देवानं वाचवला त्याला. वाचवायसारखा दिसत न्हवता.

अन् लांबनं जो डोळं मारल्यासारखा मोठा दिवा मारतो, तो 'तुमी जा' म्हणत नसतो. तो म्हणतो, 'मी आलो, मरायचं आसंल तर थांब.' हे आज कळलं.

पुण्याची गाडी गेली. खवा परत आणला, पेढे केले, गावात वाटले. शांताक्का म्हणली, "कशाचं गं पेढं?" म्या म्हणलं, माझ्या लायसनचं.


१९ जानेवारी, रविवार

शिवप्रसाद गुरुजींची गंमत. रिटायर झाल्यात, पण गावाला शिकवायचं सोडलं न्हाय. नवी चारचाकी घेतलीय. गोलावर आले अन् चारी दिवे एकदम लावले. पुढचे, मागचे, डावे, उजवे, समदे लुकलुक. म्या म्हणलं गाडी पेटली का काय. जवळ जाऊन काच वाजवली.

"गुरुजी, काय बंद पडली का?"

"नाही हो कडूबाई. सरळ जायचंय."

"मग चारी दिवे कशाला?"

"डावीकडं जायचं तर डावा, उजवीकडं जायचं तर उजवा, सरळ जायचं तर दोन्ही. तर्कशास्त्र आहे."

म्या म्हणलं, अन् मागं जायचं आसंल तर काय उतरून नाचायचं? गुरुजींनी काच वर केली.

घरी येऊन सांगितलं तर सून म्हणली, चारी दिवे गाडी बंद पडली तर लावायचे आसत्यात. मग माझं बरोबरच व्हतं. पण गाडी न्हाय, गुरुजी बंद पडल्यात.


२४ जानेवारी, शुक्रवार

आता रोज जाते. रोज कुणीतरी आडवा येतो. पण आजचं निराळं.

गोलावर उभी व्हते, समदीकडनं गाड्या, माझी बारी येईना. तेवढ्यात मागनं शाळेची पिवळी गाडी आली. योगीराज. लेकरं आत, खिडक्यांतनं तोंडं बाहेर. त्यानं गाडी गोलाच्या तोंडाशी आडवी घातली, उलट्या येणाऱ्यांची वाट बंद करून टाकली. खाली उतरला, दोन्ही हातांनी ह्यांना थांबवलं, त्यांना थांबवलं, अन् मला म्हणला, "जावा मावशी. निवांत जावा."

गेले मी. पुण्याची गाडी मिळाली.

पण मला काय कळत न्हाय व्हय? तक्रार होऊ नये म्हणून गोड बोलतोय. नोकरी जाईल म्हणून जीव खालीवर होतोय. घरी म्हातारी आई हाय, लहान पोरगी हाय, हे शांताक्का मला दोनदा सांगून गेली. मला कशाला सांगती? मालकांच्या मांडीत गज हाय, तो त्याच्या पोरीनं घातला का?

मालकांना सांगितलं. म्हणले, "चांगला पोरगा हाय." झालं. नवऱ्याचा पाय मोडणारा चांगला, अन् मी वाईट.


३० जानेवारी, गुरुवार

हवालदार परत आला. ह्या बारीला मालक उठून बसले, म्हणून मला वाटलं आता सही करत्यात. तर काय बोलले माहीत हाय?

"साहेब, माझ्याच गाडीला दिवा न्हवता. चूक माझी."

मी आत चहा टाकत व्हते, तशीच बाहेर आले. म्या म्हणलं, दिवा न्हवता तर काय झालं, मी व्हते ना! इतकी वर्सं मागं बसून हात दाखवला, ऊन न्हाय बघितलं, पाऊस न्हाय बघितला, थंडीत बोटं बधिर झाली तरी दाखवला. तो काय दिवा न्हवता?

हवालदार माझ्याकडं बघतो, मालकांकडं बघतो, मिशीवरनं हात फिरवतो.

मालक म्हणले, "कडू, त्या दिवशी तुझा हात..."

"काय माझा हात?"

"काय न्हाय. चहा आण."

आणला. साखर घातली न्हाय.

हवालदार जाताना म्हणला, घाई न्हाय, विचार करा, पण कायमचं लटकवून ठेवता येत न्हाय. लटकलेलं काय हाय ते मला सांगू नकोस म्हणावं. रोज मीच पुसते त्यांचं अंग.


२ फेब्रुवारी, रविवार

जमलं. कुणाला सांगितलं न्हाय, डायरीला सांगते.

विचार असा केला. ह्या लोकांना दिव्याची भाषा कळत न्हाय, बाणाची कळत न्हाय, शिव्यांची तर सवयच झालीय. मग ह्यांना कळतं काय? शेंदूर कळतो. म्हसोबा डाव्या हाताला पडला तर दारुडा बी वळून त्याला उजव्या हाताला घेतो. सून म्हणलीच व्हती, देव उजव्या हाताला.

उजाडता उजाडता निघाले. बांधावरचा एक गोल धोंडा, मारुतीला आणलेला शेंदूर घरात व्हता, तेल घालून कालवला, फासला. खव्याच्या मोकळ्या डब्यात ठेवून स्कुटीवर पायाशी धरला. गोलावर कुणी न्हवतं. गवत बाजूला केलं, धोंडा निम्मा मातीत पुरला, चार जास्वंदी ठेवल्या. अन् हात पुसून घरी.

स्कुटीवर पाय ठेवायच्या जागंला शेंदूर लागलेला सुनेनं बघितला. ओल्या फडक्यानं पुसून टाकला. शहाणी हाय तशी.


५ फेब्रुवारी, बुधवार

गंमत बघावी. दुसऱ्याच दिवशी कुणीतरी नारळ फोडला. आज एक हिरवी चोळी, दोन लिंबं, उदबत्तीची पुडी. अन् गोलावर एकबी माणूस उलटा जात न्हाय! बुलेटवाले डोकं टेकून, वळसा घालून, देव उजव्या हाताला ठेवून चालल्यात. पांढऱ्या गाडीवाल्यानं काळी काच खाली केली. सरकारनं केवढा गोल बांधला, बाण काढले, पाटी लावली, पिवळे पट्टे मारले. काय झालं न्हाय. माझ्या एका धोंड्यानं झालं.

शांताक्का सांगत आली, "कडूबाई, ऐकलंस का? फाट्यावरचा म्हसोबा वर आला. रस्ता करताना गाडला व्हता म्हणं."

म्या म्हणलं, "व्हय का? कुणी सांगितलं?"

"शिवप्रसाद गुरुजींनी. त्यांचे आजोबा सांगायचे, तिथं जागृत ठाणं व्हतं म्हणून."

गुरुजींच्या आजोबांना माझ्या बांधावरचा धोंडा कसा दिसला, देवच जाणे. शिकलेल्या माणसाच्या आजोबाला समदं म्हाइती आसतं.


१० फेब्रुवारी, सोमवार

एवढं सरळ चाललं तर ही माणसं कशाची!

आता नवीनच. गोलावर येत्यात, बरोबर वळसा घालत्यात, पण देवासमोर आलं की हात सोडत्यात. कुणी उजवा हात काढून कपाळाला लावतो, कुणी छातीला लावतो, कुणी तर दोन्ही हात सोडून जोडतो अन् गाडी आपली आपण चालती. एक जण नमस्कार करत करत चहाच्या टपरीत गेला. टपरीवाल्यानं त्याला चहा दिला.

मागच्याला काय कळणार? पुढच्याचा हात उजवीकडं गेला म्हणजे तो उजवीकडं वळणार, असंच मागचा समजणार. तो देवाला करतोय हे मागच्याला कसं दिसणार, त्याची पाठ दिसती! डोकं हाय का न्हाय ह्यांना. देवाला मनातनं केला तर पोचत न्हाय का?

आज माझाबी हात सवयीनं गेला. पण मी बघून काढते. मला कळतं.


१७ फेब्रुवारी, सोमवार

कोपर सोललंय, तरी लिहिते. आज लिहिलं न्हाय तर फुटंन मी.

सकाळी डबा बांधून गोलावर. माझ्या पुढं शिवप्रसाद गुरुजी. चारचाकी पोरानं नेली म्हणून जुन्या स्कूटरवर. गोल वळसा चालला व्हता. देवासमोर आले अन् गुरुजींनी उजवा हात लांब बाहेर काढला, पार सरळ. मी समजले, हे उजवीकडनं पुढं जाणार, तेरखेड्याकडं. म्हणून मी त्यांच्या डाव्या अंगानं वाशीच्या रस्त्याला निघाले. तर हा शहाणा माणूस मधीच डावीकडं वळला! माझ्या पुढच्या चाकावर त्यांचं मागचं चाक. मी पडले, डबा पडला, झाकण उडालं, खवा मातीत. गुरुजी उभेच. काय झालं न्हाय त्यांना. असल्यांना होत न्हाय.

मी तिथंच बसून सुरू केलं.

"हात उजवीकडं दाखवता अन् वळता डावीकडं? शाळेत काय पोरांना असंच शिकवलं का?"

"अहो कडूबाई, तो हात तुम्हाला नव्हता."

"मग कुणाला व्हता?"

"देवाला होता. फूल टाकत होतो."

"मागच्याला काय कळतंय गुरुजी, हात देवाला का माणसाला! मागच्याला निसता हात दिसतो! हात काढला म्हणजे काढला, मग तो कुणाला का काढीना. मागचा माणूस त्या हाताच्या भरवशावर गाडी घालतो. त्याचा जीव त्या हातावर आसतो!"

गर्दी जमली व्हती. गर्दीत योगीराज बी व्हता, शाळेची गाडी कडंला लावून आलेला. त्यानं डबा उचलून दिला, स्कुटी उभी केली, पुढचं चाक फिरवून बघितलं. मला वाटलं आता बोलंल कायतरी, लोकांसमोर बोलायला ह्यांना बरं सापडतं. तर फक्त म्हणला, "मावशी, बरोबर बोलला तुमी." अन् खाली बघून गेला. तोंड असं, जसं काय त्याच्याच मनातलं कुणी बोललं.

गुरुजी म्हणले, "तुम्ही अंतर ठेवायला हवं होतं." म्या म्हणलं, तुमच्यापासनं तर गावानं ठेवलंय. लोक हसले. गुरुजी गेले. जाताना चारी दिवे लावता येईनात, स्कूटरला तेवढे नसत्यात.

पुण्याची गाडी गेली. घरी आले. कोपराला हळद लावता लावता मालकांना जसंच्या तसं सांगितलं. गुरुजींनी हात कसा काढला, मी डावीकडनं कशी घातली, मग मी काय बोलले, मागच्याला निसता हात दिसतो ते समदं.

तर मालक हसले.

गज घातल्यापासनं हा माणूस हसला न्हवता. बाजेला धरून हसले, मांडी धरून हसले, "आगं आई गं, दुखतंय" म्हणत हसले. डोळ्यांतनं पाणी. म्या म्हणलं, झालं काय हसायला, खवा मातीत गेला, माझं कोपर फुटलं! तर बोट माझ्याकडं करून नुसतंच "निसता हात... निसता हात..." अन् परत हसू. सून चुलीपाशी व्हती. तोंडावर पदर घेऊन, पोट सांभाळत आतल्या खोलीत गेली अन् दार लोटून घेतलं. दाराआडनं तिचाबी आवाज.

ह्या घरात पडलेल्या बाईला पाणी द्यायला कुणी न्हाय, हसायला दोघं हायत.

अन् हसू आवरल्यावर मालक सुनेला हाक मारून काय म्हणत्यात? "नंदे, योगीराजला निरोप धाड. म्हणावं तक्रार होत न्हाय, निवांत गाडी चालव. अन् ह्या घरचा चहा तुला उधार हाय."

मला न इचारता! माझ्या देखत!


१८ फेब्रुवारी, मंगळवार

रातभर कूस बदलली. माझं मलाच कळंना. आजवर म्या काय मागितलं? एकच. ज्यानं पाय मोडला त्याचं नाव कागदावर यावं. मी रोज ह्या माणसाला उचलते, बसवते, धुते. मी स्कुटी शिकले. मी गोल सरळ केला, देव बसवून. अन् हे त्या पोराला चहा पाजणार.

सकाळी सून म्हणली, "आत्या, सोडून द्या ना. बाबांनी सोडलंय." म्या म्हणलं, तुला काय म्हाइती हाय ते बोल. तर म्हणली, "मला काय म्हाइती? मी काय तिथं व्हते?" अन् स्कुटीचा मोडका दिवा न्याहाळत बसली, डावा. म्हणली, हा आजच बदलून घेऊ, आत्या, दिवा नसला की हात काढावा लागतो, अन् तुमचा हात लई बोलका हाय. काय बोलती तिचं तिला ठाऊक. शेवटचा महिना आला की बाया असंच कायतरी बोलत्यात.

मग मी मालकांच्या बाजेपाशी गेले. चहा हातात घेऊन, पण दिला न्हाय. उभ्यानंच सांगितलं.

"हवालदार शुक्रवारी येतोय, शेवटचा. तुमी सही करत न्हाय, बरं. पण मला दोन गोष्टी पाहिजेत. एक, त्या पोराला का सोडलं. दुसरी, काल हसला कशाला."

मालक म्हणले, "दोन्हीचं उत्तर एकच हाय, कडू."

"मग द्या की."

"आत्ता दिलं तर तू चहा द्यायची न्हाईस."

असं म्हणले अन् हात पुढं केला. उजवा. चहासाठी का मला थोपवायला, ते काय कळलं न्हाय. दिला चहा.

पण लिहून ठेवते, अन् संध्याकाळी वाचून बी दाखवणार हाय. गुरुवारी दिवेलागणीच्या आत मला ते एक उत्तर पाहिजे, सरळ तोंडानं, हसल्याबिगर, सुनेच्या समोर. शुक्रवार चालायचा न्हाय. न्हाय मिळालं तर गोलावरचा माझा धोंडा उपटून आणते अन् ह्यांच्या उशाला ठेवते. मग बघू, देव उजव्या हाताला ठेवून आमचे मालक बलभीमराव माझ्याशी किती दिवस गप बसत्यात. गुरुवार. दिवेलागणीच्या आत.